उलटं पाणी

"ही नळी ड्रमाच्या बुडापर्यंत कोणी सोडली?" संघपालनं विचारलं.

"म्याच सोडली," जगदेव म्हणाला. "वीस वर्सं झाले, अशीच सोडतो. वर धरली का औषधाले फेस येते."

संघपाल कारंजाचा नळ-मिस्त्री. कामरगावात नवी पाइपलाइन टाकून झाली होती आणि घरोघरची जुनी जोडणी बदलायला तो आला होता. जगदेवच्या घरी एकाच पाइपातून दोन नळ निघाले होते. एक अंगणात, फवारणीचा ड्रम भरायला. दुसरा आत, स्वयंपाकघरात. संघपालनं पिशवीतून मुठीएवढा पितळी वॉल काढला.

"काका, हा बसवून घ्या. याच्यातून पाणी पुढं जाते, मागं येत नाही."

"पाणी मागं कायले येईन? उलटी गंगा वाह्यते का कुठं?" जगदेव हसला. "तुमी मिस्त्री लोक काहीही गळ्यात मारता."

संघपालला थट्टा चालायची, पण आपलं काम कोणी खोटं ठरवलेलं चालायचं नाही. "नीळ आहे का घरात?" त्यानं विचारलं.

नीळ वैजयंतीनं आणून दिली. ती जगदेवची सून. पुडी तिनं ओट्यावर ठेवली, हातात दिली नाही. तशी तिला सवयच झाली होती. दोन वर्षांपासून या घरात तिच्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं. तिच्या हातची भाकर चालायची, धुणं चालायचं, निंदणखुरपण तर चालायचंच. भाकरीतही पाणी असतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, की कोणी येऊ दिलं नाही, कोण जाणे. पिण्याचं पाणी सासू भरायची, प्रयागबाई. आज ती माहेरी लग्नाला गेली होती आणि जगदेव सकाळपासून शेजारून तांब्या मागून आणत होता.

दोन वर्षांपूर्वीही असेच फवारणीचे दिवस होते. नळ यायला उशीर झाला म्हणून जगदेवनं पिण्याच्याच हंड्यानं, औषधाच्या हातांनी, ड्रमात दोन खेपा पाणी ओतलं. मग नळ आला, तेव्हा नळी सोडली. थोड्या वेळानं वैजयंतीनं आतल्या नळावर तोच हंडा भरला. तिची चार वर्षांची लेक योगिनी खेळून आली आणि त्यातलं पेलाभर पाणी प्याली. वाशीमच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती राहिली नाही.

हंड्यातल्या पाण्याला औषधाचा वास येत होता. मग विचारायचं काय उरलं? सुनेनं हंडा न धुता भरला. खापर फोडायला डोकं घरातच होतं. "हंडा धुतला होता म्या, राखेनं घासला होता," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली, दहाव्यालाही म्हणाली. तिच्या नवऱ्यानं, पवननंही तोंड फिरवलं. तेराव्यापासून तिनं म्हणणं सोडून दिलं. पुढं पुढं तिलाच वाटायला लागलं, की नसेल धुतला. आपणच मारलं आपल्या लेकीला. पोर तिचीही गेली होती, एवढं मात्र त्या घरात कोणाला आठवलं नाही.

संघपालनं बादलीत नीळ कालवली. ड्रम आज रिकामाच होता. अंगणातला नळ चालू ठेवून त्यानं नळी पाण्यानं भरून घेतली आणि तिचं टोक निळ्या पाण्यात बुडवलं. मग रस्त्याकडचा कॉक बंद करून तिथला नट ढिला केला. पाइपातलं पाणी खड्ड्यात वाहायला लागलं.

"समजा, मधीच लाइट गेली. पंप बंद पडला, पाणी थांबलं. गावातली लाइन उताराले. पाणी उतरते तसं मागचं ओढून नेते. आता बादलीकडं पाहा."

बादलीतलं पाणी खाली खाली जात होतं. कोणी हातही लावला नव्हता.

संघपालनं अंगणातला नळ बंद केला, नट आवळला, कॉक उघडला. "आता लाइट आली. वहिनी, आतला नळ सोडा बरं. पेल्यात घ्या."

वैजयंतीनं जगदेवकडं पाहिलं. त्या नळाला तिनं दोन वर्षांत हात लावला नव्हता.

"सोड," जगदेव म्हणाला. तो अजून गमतीतच होता.

ती पेला घेऊन बाहेर आली. पाणी निळं होतं.

"पाह्यलं, काका?" संघपाल खुशीत म्हणाला. या घराचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "नीळ होती म्हणून दिसलं तरी. औषध असतं आन् एखादं लेकरू प्यालं असतं म्हंजे?"

जगदेवला योगिनी गेली तो दिवस आठवला. त्या दिवशी लाइट मधेच गेली होती. तो चहा पिऊन आला, तर भरत आलेला ड्रम वीतभर खाली गेलेला. ड्रम गळतो असं वाटून त्यानं नळ बंद केला होता, नळी काढून घेतली होती. पुढच्या हप्त्यात नवा ड्रमही आणला होता.

तो भिंतीला टेकत खाली बसला. संघपाल वॉल हातात घेऊन तसाच उभा राहिला. आपण काय बोलून बसलो, हे त्याला कळेना.

"वैजयंती," जगदेव म्हणाला, "मले पाणी दे. तुह्या हातचं."

ती हलली नाही. निळा पेला तिनं दोन्ही हातांनी धरला होता आणि ती त्यातच पाहत होती.

"मामाजी," तिनं हळूच विचारलं, "म्हंजे हंडा म्या धुतला होता ना?"