डाव्या हाताचा इंडिकेटर

वायपर पुन्हा फिरला. आभाळात ढगाचा ठिपका नाही, काच कोरडी ठणठणीत, आणि वायपर मात्र इमानेइतबारे करकरत इकडून तिकडे गेला. मास्तरांना डावीकडे वळायचं होतं. इंडिकेटर द्यायला त्यांनी उजवा हात हलवला होता, चाळीस वर्षं हलवत आले तसाच. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरून आपलं मत कळवलं. शेजारी बसलेल्या बायकोचा हात हँडब्रेकवर होता.

मास्तर म्हणजे साधासुधा माणूस नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. उरलेलं अर्धं गाव त्यामुळे रस्ता जपून ओलांडायला शिकलं. बायकोलाही त्यांनी एक धडा दिला होता. त्या एका धड्यानंतर ती रडत घरी आली आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या स्कूलमध्ये नाव घालून महिन्याभरात लायसन्स घेऊन आली. समोरच्या स्कूलमध्ये! हा घाव मास्तरांच्या वर्मी बसला. त्याला सहा वर्षं झाली, पण त्यांनी तिच्या हाती किल्ली दिली नव्हती.

गेल्या गुरुवारी इंडिकेटरची जुनी दांडी मोडून त्यांच्या हातात आली. स्टिअरिंगखालचा सगळा स्विचच बदलायचा होता. गाडी बावीस वर्षांची. मेकॅनिक मास्तरांचा जुना विद्यार्थी. त्याने बॅटरीची वायर सोडवली, स्टिअरिंग उपसून मागच्या सीटवर पाहुण्यासारखं बसवलं, प्लास्टिकचं कव्हर काढलं आणि दुपारपर्यंत दुसरा स्विच बसवून दिला. फक्त हा परदेशी गाडीतला आहे, असं तो जरा मान खाली घालून म्हणाला. इंडिकेटर डाव्या हाताला, वायपर उजव्या हाताला. आपल्याकडच्यासारखा आता कुठे मिळत नाही. होईल सवय.

सवय झाली नाही. पाच दिवस मास्तर घर ते भाजीवाला एवढ्याच अंतरात काच पुसत हिंडले.

पण मास्तरांचं खरं दुखणं हाताचं नव्हतंच. तीन महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की डाव्या बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, आजपासून गाडी बंद. मास्तर एकटेच गेले होते आणि एकटेच परत आले, गाडी चालवत. रोज सकाळी ते ठरवत, आज सांगायचं. चहाचा कप हातात आला की ते पंखा फार आवाज करतो, असं काहीतरी सांगत. गाडी न चालवणारा मास्तर म्हणजे घरातली आणखी एक खुर्ची, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आता वळता वळता बायकोने हँडब्रेक ओढला. गाडी आचका देऊन थांबली. डाव्या अंगाने एक सायकलवाली निघून गेली, मागे पोर बसलेलं. मास्तरांना ती दिसलीच नव्हती.

त्यांनी गाडी हळूच कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तीन महिने अडकलेलं वाक्य ओठांशी आलं आणि तिथून वळून भलत्याच रस्त्याने बाहेर पडलं.

"हा स्विच काही माझ्या हाताला जमत नाही. यापुढे तूच चालव."

"बघते बाई जमतंय का," ती म्हणाली आणि उतरून उजव्या बाजूला आली.

तिला जमलं. डाव्या हाताने इंडिकेटर, उजव्या हाताने वायपर. तिच्या हातांना दुसरी सवय लागायला कुणी संधीच दिली नव्हती. मास्तरांनी कर्तव्य म्हणून दोनदा क्लचचा आणि एकदा आरशाचा विषय काढला, पण त्यात जोर नव्हता. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. आपण किती सफाईने सुटलो, या विचाराने त्यांना चक्क शीळ घालावीशी वाटली.

वाटेत गॅरेज लागलं. तिला गाडी लावायला सांगून मास्तर घाईघाईने आत गेले. मेकॅनिकला कोपऱ्यात घेऊन त्यांनी आधी त्याचे आभार मानले. मग आवाज उतरवून म्हणाले, "हे बघ, उद्या आपल्या बाजूचा स्विच मिळाला, तरी कुणाला सांगू नकोस."

मेकॅनिकने हात पुसले. पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"तो पहिल्याच दिवशी मिळाला होता, मास्तर. काकूंनी परत पाठवायला लावला. म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद मला सापडलाय, यांना डोळ्यांचं सांगायला जड जातंय, काहीतरी दुसरं निमित्त करून द्या."

मास्तर काही वेळ एका टायरकडे बघत उभे राहिले. टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. मग ते बाहेर आले.

बायकोने काच खाली केली. "काय म्हणाला?"

"आपल्या बाजूचा मिळणं कठीण आहे म्हणाला."

"अरेरे," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याला जे म्हणाले नव्हते, ते मास्तरांनी म्हटलं.

"गाडी फार छान लावलीस."

गाडी तीन गाड्यांची जागा अडवून तिरकी उभी होती.