कपाटाची किल्ली

सासूबाई बाहेरगावी निघाल्या की आपल्या कपाटाची किल्ली थोरल्या सुनेच्या हातात ठेवायच्या, आणि धाकटीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "मी काय चोर आहे का?" म्हणून नवऱ्यापाशी धुसफुसून झालं, सासूबाईंशी अबोला धरून झाला, तेव्हा कुठे या खेपेला किल्ली तिच्याकडे आली. ती तिने आठवडाभर थोरलीसमोर मिरवली.

सासूबाई परतल्या, तशी धाकटी थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आई, माझ्यावर विश्वास टाकायचा तर नीट टाकायचा. ही किल्ली तुमच्या कपाटाला लागतच नाही."

सासूबाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली.



"थोरलीकडे इतकी वर्षं हीच असायची गं. ती कधी काही बोलली नाही."