बोळकं
रग्बी लीगपायी गॅरेथचे पुढचे चार दात कधीच गेले होते. दर सामन्याआधी तो कवळी काढून क्लबचे कपडे सांभाळणाऱ्या स्टॅनकडे द्यायचा. आज मध्यंतरातच बाळ झाल्याचा निरोप आला आणि गडी चिखलाने माखलेला तसाच दवाखान्यात धावला. कवळी राहिली स्टॅनच्या खिशात!

दारातच बाळाला घेऊन सासूबाई उभ्या. 'या बोळक्याला माझी पोरगी देणार नाही' म्हणून दोन वर्षं अडून बसलेल्या. गॅरेथने झटकन तोंडावर हात धरला.

"हात काढ आणि धर लेकीला."

त्याने लेकीला घेतलं आणि त्याला हसू आवरेना. तेवढ्यात तिने भोकाड पसरलं. सासूबाईंनी आधी नातीचं तोंड पाहिलं, मग जावयाचं.

"जोआन," त्या आत खाटेवरच्या बाळंतिणीकडे बघून ओरडल्या, "अगदी बापावर गेलीय गं!"