गच्चीची किल्ली

"आणि मी मागितली तरी द्यायची नाही," किल्ली लेकीच्या तळहातावर ठेवत आईने बजावलं. "कितीही गोड बोलून मागितली तरी."

मुलगी नववीत. एवढी मोठी जबाबदारी मिळाल्यावर तिची कॉलर लगेच ताठ. तिने किल्ली कंपासपेटीत कोनमापकाखाली दडवली आणि गच्चीला कुलूप लागलं ते लागलंच.

का, हे कुणी विचारलं नाही. दिसतच होतं. बाबा दोन महिने पलंगावर, तोंड भिंतीकडे करून पडलेले. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, कारखान्याने रजा दिली. नातेवाईक पाळीपाळीने येऊन उशाशी बसायचे. आत्या तर मुक्कामालाच आली.

"आपण बायका रडून मोकळ्या होतो," आत्या चहा ढवळत म्हणायची. "पुरुषाचं अवघड. आतल्या आत कुढतो बिचारा. वहिनी, तू खंबीर आहेस म्हणून निभावतंय हो."

"मी लोखंडाची आहे," आई म्हणायची. "रोज घासली जाते, म्हणून गंज दिसत नाही."

सगळे हसायचे. आई सगळ्यांत जास्त.

कपडे आता घरातच वाळायचे. खोल्याखोल्यांतून दोऱ्या, आणि ओल्या चादरींचे थंडगार गालगुच्चे सोसत मुलगी दप्तर शोधायची. दोरीवरच्या आईच्या कपड्यांना नव्या टिपा दिसायच्या, दर काही दिवसांनी थोड्या आणखी आत.

"आई, डाएट भारी जमलंय तुझं."

"हो ना," आई म्हणाली. "फुकटात."

एका दुपारी मुलगी शाळेतून आली, तर आई गच्चीच्या जिन्यात बसलेली. मांडीवर बादली.

"किल्ली दे गं जरा. चादरी वाळत घालते."

मुलीने बादलीत डोकावलं. बादली कोरडी होती.

"परीक्षा घेतेस होय माझी? नाही देणार."

आई बराच वेळ बादलीच्या तळाकडे बघत राहिली. मग तिने मुलीचा हात धरला आणि सोडायचंच विसरली.

"शाब्बास," ती म्हणाली.

त्या दिवशी मुलगी स्वतःवरच खूश होती. आईलाही फसली नाही म्हणजे काय.

हळूहळू बाबांना औषधं लागू पडली. आधी ते खिडकीशी बसू लागले, मग एका सकाळी दाढी करून शीळ घालत बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नको. बाबा कामावर गेले. नातेवाइकांचे फोन थांबले. आत्याने बॅग भरली.

"सुटलीस गं बाई," दारातून ती आईला म्हणाली.

संध्याकाळी आई दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती. घरात दोघीच होत्या. मुलीने कंपासपेटी उघडली आणि किल्ली ऐटीत आईसमोर ठेवली.

"घे. माझी नोकरी संपली. उद्यापासून कपडे उन्हात."

आईने बाबांच्या शर्टाची बाही सरळ केली. किल्लीला हात लावला नाही, एका बोटाने ती परत मुलीकडे सरकवली.

"राहू दे अजून तुझ्याकडे."

"अगं, पण बाबा बरे झाले ना?"

"झाले की," आई शर्टाची घडी घालत म्हणाली. "पण कुलूप बाबांसाठी कुठे लावलं होतं मी."