अडकलेलं बिट

लाकूड कोरायच्या, हळदकुंकू लागलेल्या नव्या राउटर यंत्रातलं बिट, म्हणजे त्याचं पातं, काही केल्या निघेना. भानुदास सुतार घामाघूम झाला. नट सैल केला, पकडीने ओढलं, देवीला नारळही बोलला. देवळाचं दार आजच द्यायचं होतं.

“मी काढते,” त्याची बायको द्वारका म्हणाली. “पण आधी माझी भांड्यांची मांडणी. लग्नापासून सांगतेय.”

“हे बांगड्यांचं काम नव्हे,” तो हसला. तासाभराने निमूट फळ्या कापू लागला.

मांडणी भिंतीला लागली, तशी तिने सैल होऊन पुन्हा अडलेल्या नटाला पाना लावून सोडायच्याच दिशेने आणखी जोर दिला. टक्! बिट हातात.

“कुठे शिकलीस?”

“दुकानदार दाखवत होता, तेव्हा तुम्ही मोबाईलवर होतात.”

खंडेनवमीला हत्यारं पुसून पुजायचा मान तिचाच. यंदा पुसता पुसता तिने बिट तळापर्यंत दाबून नट करकचून आवळला होता.