सात सेकंदांची शांतता

"तिथे पान संपतं, बाई. बाकी काही नाही."

किंगाने हस्तलिखिताची प्रत पियानोवर ठेवली होती. माझुरबाईंनी त्या प्रतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

विल्गा या जुन्या संगीतकाराच्या एका नॉक्टर्नवर, म्हणजे पियानोसाठी लिहिलेल्या रात्रगीतावर, बाईंनी चौतीस वर्षं काढली होती. सुरुवातीला उजवा हात काहीतरी म्हणतो, डावा त्याला उत्तर देतो. दोन माणसं दिवेलागणीला बोलत बसावीत तसं. मग वादळ उठतं, दोन्ही हात एकमेकांवर तुटून पडतात, आणि ऐन भरात सगळं थांबतं. तिथे विल्गाने थांबण्याची खूण करून ठेवलीय. सात सेकंद नुसती शांतता. त्यानंतर पहिली सुरावट परत येते, पण एकट्या उजव्या हातात. सबंध ओळभर डावा हात गप्प. "ती सोडून गेली," बाई वर्गात सांगायच्या, "आणि हा वेडा एकटाच बोलत राहिला." त्यावर त्यांचं पुस्तक होतं. सबंध पोझनान शहरात कुणीही ही रचना वाजवो, तिथे मान खाली घालून सात मोजायचे, असा रिवाजच पडला होता. पोरं पाठीमागे त्याला 'बाईंची शोकसभा' म्हणत.

आणि आता, निवृत्तीला दोन महिने उरले असताना, ही शेवटची शिष्या आपल्या पदवीच्या प्रबंधात लिहून बसली होती की तिथे शोक वगैरे काही नाही. शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. बाईंची सही नसेल तर किंगाचं वर्ष बुडणार. सही केली तर बाईंचं पुस्तक रद्दीत.

"छापील प्रतीत ती जागा पानाच्या मधोमध येते, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही," किंगा म्हणाली. "पण विल्गाच्या हातच्या कागदावर तिथे पान उलटावं लागतं. त्याच्या आणखी दोन रचना पाहिल्या मी. जिथे पान संपतं तिथे थांबण्याची खूण. दर वेळी!"

"वा गं वा! एका माणसाचं काळीज फाटलं, आणि तू पानं मोजत बसलीस." बाईंचा आवाज चढला. "बरं, मग डावा हात पुढे ओळभर गप्प का, तेही सांगून टाक. पान उलटायला काय अख्खी ओळ लागते?"

किंगा गडबडली. "ते... ते नाही कळलं अजून."

"मग कळलं की ये. नीघ आता."

किंगा गेली. प्रत तिथेच राहिली. मूळ वहीसारख्याच जाड कागदावर छापून, पोरीने ती हाताने शिवलीसुद्धा होती. बाई तिच्याकडे रागाने बघत राहिल्या.

खरं म्हणजे पुस्तकाचं त्यांना एवढं काही नव्हतं. रोज संध्याकाळी घरी गेलं की त्या हीच रचना वाजवत. त्या सात सेकंदांत त्यांना सोबत वाटे. त्यांनाही सोडून गेलेला एक होता, ल्युबोमिर. बोटीने कॅनडाला गेलेला. निदान त्या स्वतःला तसं सांगत आल्या होत्या. तसा तो दोनदाच चहाला आला होता, आणि दोन्ही वेळा बहिणीला घेऊन. पण त्याच्या नावाने मान खाली घालून बसता येत होतं, आणि विल्गा शेजारी बसायचा. आता तोही उठून चालला होता.

"बघू तरी," त्या पुटपुटल्या आणि ती वही समोर उभी करून वाजवायला बसल्या. वादळ आलं. पान संपलं. दोन्ही हात थांबले. त्यांनी डाव्या हाताने पान उलटलं. जाड कागद, तो उसळून परत आला. त्यांनी पुन्हा उलटला आणि तळव्याने दाबून धरला. उजव्या हाताने सुरावट सुरू केली. ओळ संपता संपता पान बसलं, तेव्हा कुठे डावा हात खाली आला. बरोब्बर जिथे विल्गाने त्याला आणला होता तिथेच.

बाईंचे हात पट्ट्यांवरच राहिले.

पान उलटायला डावीकडे कुणीतरी बसतंच. कुणाची बायको असते, कुणाची बहीण, कुणी शिष्य. काही नाही तर शेजारणीला हाक मारतात. बाईंच्या वर्गात तर त्या खुर्चीसाठी पोरांची भांडणं व्हायची. विल्गाने मात्र पान स्वतःच उलटायचं म्हणून आधीच थांबे लिहून ठेवले होते. एकदा नाही, दर वेळी.

ही गोष्ट किंगाला माहीत नव्हती. बाई गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळणारही नव्हती. पण त्या उठल्या आणि त्यांनी दार उघडलं.

किंगा जिन्यात बसून खसखशीचा पाव खात होती. डोळे रडून लाल झालेले.

"ये आत. तोंड पूस आधी."

बाईंनी डाव्या हाताचं सगळं तिला वाजवून दाखवलं. किंगा आनंदाने ओरडलीच. मग तिने बाईंचा चेहरा पाहिला आणि वरमली. बाईंनी सही केली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाई, प्रबंधाच्या शेवटी तुमच्या पुस्तकातलं ते वाक्य मी ठेवलंय बरं का. 'प्रिय माणूस निघून गेल्यानंतरचा एकटेपणा.' तेही खरं असेलच की!"

बाईंनी पेन्सिल उचलली आणि त्या वाक्यावर सावकाश रेघ ओढली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "निघून जायला आधी कुणीतरी आलेलं असावं लागतं."