स्टीलचा हात

विज्ञानकथांचं संमेलन म्हणजे काय असतं, मला ठाऊकच नव्हतं. फिटरचं काम करणारा माझा धाकटा भाऊ आठवडाभर "ताई, चल ना गं" म्हणून मागे लागला, म्हणून गेले. सभागृहात जिकडेतिकडे पुठ्ठ्याचे यंत्रमानव आणि चंदेरी परग्रहवासी फिरत होते. भावाने कधी नव्हे तो अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. सहा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या अपघातात त्याचा उजवा हात गेला. त्या जागी आता स्टीलचा हात आहे, त्यातल्या स्प्रिंगा त्याने स्वतः बसवल्यात.

दहा मिनिटांत त्याच्याभोवती ही गर्दी!

"दादा, खरा आहे?" चेहरा हिरवा रंगवलेल्या एका मुलीने विचारलं.

"अगदी खरा. चहाचा कपसुद्धा धरतो," तो हसला.

तिने तो हात बिनधास्त हातात घेतला, एकेक बोट उघडून-मिटून पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षांत मी त्या हाताला एकदाही हात लावला नव्हता.

मग फोटो सुरू झाले. प्रत्येक फोटोत भाऊ तो हात उंच धरून उभा. शेवटी फोटोग्राफरने मलाही बोलावलं. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तसा त्याने हात पाठीमागे घेतला.

"अहो, हात पुढे घ्या की!" फोटोग्राफर ओरडला.


"नको हो," भाऊ अगदी सहज म्हणाला, "ताई फोटोत असली की तो मागेच ठेवायचा असतो."